दहा बाय दहातलं जंक्शन

मार्गदर्शक पुस्तक हातात घेतलं की मला आधी त्याच्या लेखकाचं घर दिसू लागतं. बागकामावरचं पुस्तक असेल तर त्या लेखकाच्या बंगल्याला तिन्ही बाजूंनी मोकळी जागा असते. योगासनांवरचं असेल तर त्याच्या घरी नळ सकाळी सहाला येत नसावा, नाहीतर ऐन पाण्याच्या वेळी शवासन सांगण्याचं धाडस त्यानं केलं नसतं. घरातल्या घरात छोटी रेल्वे कशी उभारावी, हे सांगणारी पुस्तकं मात्र या बाबतीत सगळ्यांवर ताण करतात. त्यांच्या लेखकांपैकी अमेरिकन असेल त्याला तळघर असतं, इंग्रज असेल त्याला परसात लाकडी शेड असते, आणि दोघांनाही कधीच पाहुणे येत नाहीत.

छोटी रेल्वे म्हणजे जत्रेत मिळणारी, किल्ली दिली की दोन फेऱ्या मारून पलंगाखाली शिरणारी गाडी नव्हे. इथे सगळं मापात. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान गाडी, तेवढेच लहान डबे, तेवढाच लहान फलाट आणि फलाटावर नखाएवढा हमाल. रुळांतून बारा व्होल्टची वीज खेळवायची, गाडी सोडायची, सांधे बदलायचे, शंटिंग करायचं. या सगळ्या मांडणीला लेआउट म्हणतात. पोराच्या नावानं आणायचं आणि बापानं मांडायचं, अशी जगभर या छंदाची रीत आहे.

शेगावच्या माणसाला गाडीचं वेड लागायला वेगळं कारण लागत नाही. मुंबईहून निघालेले रूळ १८६७ साली नागपूरला पोचले, ते आमच्या गावाला खेटून. बाहेरच्यांच्या दृष्टीनं शेगाव म्हणजे गजानन महाराजांची समाधी, कचोरी आणि परतीची गाडी. क्रम हाच, आणि गाडी लेट असेल तर पुन्हा कचोरी. आम्हा गावकऱ्यांना मात्र दिवसाची वेळदेखील घड्याळापेक्षा गाड्यांवरून कळते, म्हणजे गाड्यांनी मनावर घेतलं तर.

तर या छंदाची तीन नामांकित पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. तिन्ही परदेशी, तिन्ही इंग्रजी, तिन्ही आपापल्या मुलखात पोथीसारखी मानलेली. त्यांपैकी शेगावातल्या माणसानं कोणतं घ्यावं, कोणतं नुसतं चाळावं आणि कोणतं सौ.च्या दृष्टीस पडू देऊ नये, एवढंच इथे सांगायचं आहे.

कुठलीही परीक्षा घ्यायची तर आधी कसोटी हवी. माझी कसोटी आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि मराठी घरांत जाऊन बसलं. त्याचं रहस्य मला विचाराल तर एका शब्दात सांगतो: वाटी. त्यांनी औंस, पौंड आणि ग्रॅम यांचा घोळ न घालता प्रमाण दिलं ते वाटीचं आणि चमच्याचं. वाटी ज्याच्या त्याच्या घरातली. तिथून पुढचा पदार्थही ज्याच्या त्याच्या घरचा. नुसते पदार्थाचे फोटो छापून मार्गदर्शक होता येत नाही. फोटो हॉटेलच्या दारावरच्या पाटीवरही असतात. म्हणून रेल्वेचं पुस्तक उघडलं की मी पहिल्यांदा शोधतो, यात वाटी कुठे आहे?

पहिलं पुस्तक लिन वेस्टकॉट यांचं. ‘१०१ ट्रॅक प्लॅन्स’, साल १९५६, प्रकाशन अमेरिकेतल्या मिलवॉकीचं. वेस्टकॉट म्हणजे या क्षेत्रातलं मोठं नाव. ‘मॉडेल रेलरोडर’ या तिकडच्या मासिकाचे ते १९६१ ते १९७७ संपादक होते. पुस्तकात नावाप्रमाणे एकशे एक आराखडे. पलंगाएवढ्यापासून सबंध तळघर व्यापणाऱ्यापर्यंत. डोंगर आहेत, बोगदे आहेत, पूल आहेत, आणि रुळांची अशी काही गुंतागुंत आहे की शेवयांच्या खिरीला हेवा वाटावा. संध्याकाळी चहा घेता घेता चाळायला याच्यासारखं पुस्तक नाही. शेवटचं पान येईपर्यंत आपण मनानं दोन-तीन रेल्वे कंपन्यांचे मालक झालेलो असतो.

अमेरिकन माणसाचा लाडका आकार आठ फूट बाय चार फूट. कारण उघड आहे: प्लायवूडचा तक्ता त्याच मापाचा येतो. आपल्याकडेही येतो. तेव्हा इथवर अमेरिका आणि बुलढाणा जिल्हा यांत काही फरक नाही. फरक सुतार घरी आल्यावर कळतो. आमच्या सुतारानं खोली पाहिली, आराखडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, टेबल बनवून देतो मी. पन याच्या पलीकडं जाचं कसं?”

“भिंतीला लावून ठेवू.”

“आन् गाडी तिकडच्या कोपऱ्यात पडली तं? तुमचा हात पुरते का चार फूट? तुमी काय बाप्पा जटायू हाय?”

त्या वाक्यात सुतारानं जे सांगितलं ते एकशे एक आराखड्यांना पुरून उरणारं आहे. माणसाचा हात टेबलावर जेमतेम अडीच फूट पोचतो. म्हणून चार फूट रुंदीच्या टेबलाला दोन्ही बाजूंनी जायला वाट लागते. वाट दोन फुटांची धरली तर आठ बाय चारचं टेबल प्रत्यक्षात आठ बाय आठची जागा खातं, आणि टोकाकडूनही जायचं म्हटलं तर बारा बाय आठची. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत टेबल राहील, गाडी राहील. आम्ही तिघांनी स्टेशनवर राहायला जायचं. तिथे सोय चांगली आहे, पण रोज नको.

वेस्टकॉट यांच्या हुशारीविषयी शंका नाही. लाकडाचा सांगाडा कसा बांधावा याची त्यांची पद्धत आजही लोक वापरतात. पण ‘१०१’ हे पुस्तक म्हणजे मेनूकार्ड. ऑर्डर देण्याचा आनंद आहे. स्वयंपाक आपला आपण. वाटी नाही.

दुसरं पुस्तक इंग्रजाचं. सी. जे. फ्रीझर यांचं ‘६० प्लॅन्स फॉर स्मॉल रेल्वेज’. फ्रीझर हे ‘रेल्वे मॉडेलर’ या इंग्रजी मासिकाचे १९५० ते १९७८ पर्यंत संपादक. अठ्ठावीस वर्षं! एवढ्या काळात आमच्याकडे माणूस क्लार्कचा मॅनेजर होतो आणि मॅनेजरचा मधुमेही. पुस्तक काढलं पेकोनं. पेको ही डेव्हन परगण्यातल्या बीर नावाच्या गावची १९४६ सालची कंपनी, आणि तिचा मुख्य धंदा छोटे रूळ आणि छोटे सांधे करून विकण्याचा. म्हणजे आराखडा देणारा आणि रूळ विकणारा एकाच घरातले. यात मी नाक मुरडणार नाही. कर्जाच्या अर्जाखाली विम्याचा फॉर्म अलगद कसा सरकवायचा हे ज्यानं आयुष्यभर पाहिलं, त्यानं मुरडूही नये. फक्त ध्यानात ठेवावं.

फ्रीझर यांचं जग छोटं आणि गोड आहे. त्यांच्या आराखड्यांत वारंवार भेटतं ते शाखेच्या टोकाचं एक लहानसं स्टेशन. एक फलाट, एक मालधक्का, दोन सायडिंगा, इंजिनाची शेड. मेन लाइनवरून फुटून आलेली गाडी इथे येते, थांबते, इंजिन सुटून वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागतं, आणि गाडी आल्या वाटेनं परत जाते. ती जाते कुठे? पडद्यामागे. तिथे नुसते रूळ मांडून ठेवलेले असतात, ना फलाट ना हमाल. नाटकात पात्र विंगेत जातं तसा हा प्रकार. प्रेक्षकानं समजायचं, की गाडी लंडनला पोचली.

ही विंगेची युक्ती फ्रीझर यांनी घरोघर पोचवली, आणि ती सोन्याच्या मोलाची आहे. तिच्यामुळे गाडीला गोल गोल फिरायची गरज उरत नाही. टेबल लागत नाही. भिंतीला एक फूट रुंदीची फळी पुरते. सुतारही खूश. हात पुरतो.

पण फ्रीझर यांचे आराखडे तेरजेवर घेतले की आकडा जुळेलच असं नाही. पेन्सिलीनं सांधा काढायला जागा लागत नाही, बसवायला लागते. पेकोचा मधल्या मापाचा सांधा २१९ मिलिमीटर लांब असतो. चित्रात ओळीनं चार सांधे दिसले की २१९ ला चारानं गुणावं: ८७६, म्हणजे तीन फुटाला दीड इंच कमी. आता चित्रातले एक-एक फुटाचे चौकोन मोजावेत. तीन भरले तर ठीक. अडीचच भरले तर समजावं की लेखक मनानं उदार आहे. या छंदातले जुने लोक फ्रीझर यांच्या उदारपणाविषयी प्रेमानं आणि फुटपट्टी हातात धरून बोलतात. आम्हा कॉमर्सवाल्यांना यात नवीन काही नाही. एस्टिमेट आणि बिल यांची भेट कुठल्याच धंद्यात होत नाही.

हे पुस्तक मी शेजारच्या काकांना दाखवलं. काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. त्यांनी चष्मा पुसला, दोन-चार आराखडे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, “सगळं छान आहे, पण ही गाडी सुटते कोणाच्या परवानगीनं?”

“माझ्याच, काका.”

“असं चालत नाही. एकेरी लाइन आहे ना ही? ड्रायव्हरला गोळा मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही.”

गोळा म्हणजे एकेरी मार्गावरचा परवाना. लोखंडाचा, पेरूएवढा. ज्याच्या हाती गोळा त्याचीच गाडी त्या मार्गावर. समोरून दुसरी येणं शक्यच नाही. चिरंजीव तिथेच उभे होते. त्यांनी खिशातून एक गोटी काढून काकांच्या हातावर ठेवली. काकांनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि गंभीरपणे मान हलवली. त्या दिवसापासून ते आमचे सेक्शन कंट्रोलर आहेत.

काकांच्या प्रश्नात तिसऱ्या पुस्तकाचं सगळं सार आहे. जॉन आर्मस्ट्राँग यांचं ‘ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअ‍ॅलिस्टिक ऑपरेशन’, पहिली आवृत्ती १९६३, तिसरी १९९८. गृहस्थ पेशानं इंजिनियर. त्यांचा विचार उलट्या बाजूनं सुरू होतो: रूळ कसे टाकायचे हे मागाहून, तुमची गाडी कुठून येते, कुठे जाते, काय घेऊन जाते, आणि का, हे आधी. कारखान्याला कोळसा लागतो म्हणून वाघिणी येतात. वाघिणी येतात म्हणून सायडिंग लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी व्यवहार, मग व्हाउचर. बहुतेक लोक व्हाउचर आधी छापतात आणि मग व्यवहार शोधत हिंडतात.

आर्मस्ट्राँग तुम्हाला दोन याद्या करायला लावतात. एक, जे आहे आणि बदलणार नाही त्याची. दुसरी, जे हवंसं वाटतं त्याची. आम्ही घरात बसून केल्या. पहिल्या यादीत खोली दहा बाय दहा, एक दार, एक खिडकी, एक लोखंडी कपाट आणि एक कूलर अशी मालमत्ता निघाली. दुसरीत चिरंजिवांनी ‘चोवीस डब्यांची गाडी’ लिहिलं, मी ‘बोगदा’ लिहिलं, आणि सौ.नी काही न बोलता पहिल्या यादीत भर घातली: ‘लोणच्याच्या बरण्या’.

आणि आर्मस्ट्राँग यांच्याकडे वाटी आहे! ते चौकोनानं मोजतात. तुमच्या रुळाचं सगळ्यांत लहान वळण घ्या; त्याची त्रिज्या समजा १८ इंच. दोन समांतर रुळांमधलं अंतर २ इंच. त्रिज्येत ते दोनदा मिळवा: १८ अधिक २ अधिक २, म्हणजे २२ इंच. ही तुमच्या चौकोनाची बाजू. आता खोली त्या चौकोनानं मोजा. दहा फूट म्हणजे १२० इंच; भागिले २२, पाच चौकोन आणि वर दहा इंच. रूळ कुठे वळू शकतील आणि कुठे वळणार नाहीत, हे एक पैचा रूळ विकत न आणता कळतं. त्रिज्या बदलली की चौकोन बदलतो. वाटी ज्याच्या त्याच्या घरातली.

या वाटीनं चिरंजिवांच्या यादीचा निकाल लावला. आपल्या गाड्यांचा जुना नेहमीचा प्रवासी डबा बफरपासून बफरपर्यंत २२.२९७ मीटर. सत्त्याऐंशीनं भागला की २५६ मिलिमीटर. चोवीस डबे म्हणजे ६ मीटर १५ सेंटिमीटर, वीस फुटांच्याही वर, आणि इंजिन वेगळं. म्हणजे गाडीचं तोंड आमच्या खोलीत असताना शेपूट शेजारच्या काकांच्या देवघरात. शिवाय वळणाची त्रिज्या डब्याच्या तिप्पट तरी असावी, असा या छंदातला ढोबळ हिशेब. म्हणजे ७६८ मिलिमीटर, तीस इंच. नुसता एक वेढा पाच फुटांवर गेला. थोडक्यात, शेगाव स्टेशन शेगावातल्या घरात मावत नाही. हे चिरंजिवांना सांगणं मला जड गेलं. रोज पाहतो ती गाडीच करायची नाही तर काय करायचं, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

या प्रश्नाला तिन्ही पुस्तकं सारखंच उत्तर देतात: आमची करा. इंग्रज म्हणतो, डेव्हनमधलं गाव करा, चर्च मांडा, गुत्ता मांडा, हिरव्या टेकडीवर मेंढ्या सोडा. अमेरिकन म्हणतो, दरी करा, लाकडाची वखार करा. आता मी शेगावातल्या भिंतीवर, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात, कूलरच्या वाऱ्याखाली इंग्लंडच्या मेंढ्या चारायच्या? आयुष्यभर परक्या पैशाच्या नोटा मोजल्या. आता घरी येऊन परक्याचं स्टेशनही सांभाळायचं?

इथे पुस्तक मिटून पश्चिमेला पाहावं लागतं. शेगावच्या पश्चिमेला जलंब जंक्शन आहे. तिथून एक शाखा फुटते आणि १३ किलोमीटरवर खामगावला जाऊन संपते. १८७० सालची शाखा. वऱ्हाडच्या कापसाची बाजारपेठ मेन लाइनला जोडायची, एवढ्याचसाठी काढलेली. मेन लाइनवर एक जंक्शन, एकच शाखा, टोकाला एक गाव आणि त्या गावाकडे माल. फ्रीझर यांनी जे स्टेशन पुन्हा पुन्हा काढलं, आणि ज्यासाठी माणसं इंग्लंडातली बंद पडलेली खेडी हुडकत फिरतात, ते आमच्या शेजारच्या तालुक्यात जमिनीवर आखून ठेवलेलं आहे! आणि आर्मस्ट्राँग यांचा ‘का’सुद्धा तयार आहे: कापूस. जिनिंग-प्रेसिंगची एक सायडिंग, मालधक्क्यावर गाठींची थप्पी, बाहेर बैलगाड्या. मेंढ्यांना रजा.

मग मी तेरीज मांडली. तीन डबे आणि एक डिझेल इंजिन. फलाटापलीकडे इंजिन सुटून पुढे जायला २५० मिलिमीटर. एक सांधा २१९. फलाट आणि डबे ९००. दुसरा सांधा २१९. मग विंग, म्हणजे जलंब, १०००. बेरीज २५८८ मिलिमीटर, साडेआठ फूट. भिंत दहा फुटांची, म्हणजे ३०४८. शिल्लक ४६०. कर्ज न काढता जमणारी ही माझ्या पाहण्यातली पहिलीच रेल्वे.

आता एका तुटीविषयी सांगायला हवं, कारण ती यांच्यापैकी कोणीच आपल्यासाठी मांडलेली नाही. दुकानात मिळणारा नेहमीचा छोटा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाला सत्त्याऐंशीनं भागून ठरलेला. आपला ब्रॉड गेज १६७६. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं तर १९.२६ यायला हवेत. म्हणजे बाजारचा रूळ आपल्याला १४ टक्के कमी पडतो. गाडी वरून रुंद, खालून अरुंद. वऱ्हाडी पाटलानं पुणेरी जोडे घातल्यासारखी. यावर इंग्रजाकडे पाहून मन शांत करावं. पूर्वी मोटरी मोठ्या असत आणि इंग्लंडची इंजिनं मुळात अंगानं लहान. मोटर मावेना म्हणून त्यांनी इंजिनं फुगवून शहात्तराच्या प्रमाणात नेली आणि रूळ तोच १६.५ चा ठेवला. त्यांची तूट १२ टक्के. ज्यांच्या घरात १२ टक्के पिढ्यानपिढ्या खपली त्यांनी आपल्या १४ ला नावं ठेवू नयेत. फलाटाच्या बाजूनं पाहिलं तर रूळ दिसतही नाही. तोंडासमोर उभं राहून मोजणारा पाहुणा आला तर त्याला चहा द्यावा आणि काकांच्या ताब्यात द्यावा.

पण हाच भागाकार आपल्या छोट्या गाडीला लावा. मुर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळकडे जाणारी शकुंतला. रूळ ७६२ मिलिमीटरचा. भागिले सत्त्याऐंशी, ८.७६. आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ सर्रास मिळतो. अडीच-तीन टक्क्यांचा फरक, तोही जमेकडे! सगळ्या जगाच्या मापात न बसणारी आपली मोठी गाडी, आणि बोट लावावं तिथे चपखल बसणारी आपली छोटी गाडी. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं, आणि पुढे दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. काकांना हा भागाकार दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ती फळीवर तरी चालेल.” छंदाला पोरखेळ म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे यापेक्षा मोठं उत्तर नाही. तो हप्ता पुढच्या वर्षाचा. समोरची भिंत मोकळी आहे, निदान सौ.नी पाहीपर्यंत.

पुस्तकांच्या वयाचाही विचार हवा. त्यांतली वीज जुन्या काळाची आहे: रुळाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण. आता एकाच रुळावरच्या दोन इंजिनांना वेगवेगळे हुकूम देणारी डिजिटल पद्धत आहे. त्यासाठी वायरिंगचं नवं पुस्तक वेगळं घ्यावं. आणि हवामान. हे लेखक ओलीची भीती घालतात. आपल्याकडे उलट: वैशाखात लाकूड सुकून आक्रसतं, रूळ तापून लांबतो, आणि दोघांच्या भांडणात सांधा वाकतो. मीटरभर रूळ तीस डिग्रींनी तापला तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. म्हणून उन्हाळ्यात रूळ टाकताना जोडावर फट अगदी थोडी ठेवावी आणि हिवाळ्यात जरा जास्त. रूळ कोरड्या फडक्यानं पुसल्याशिवाय गाडी सोडू नये, कारण कूलर वाऱ्याबरोबर जी धूळ आत आणतो तिच्यातून वीज जात नाही.

तेव्हा निकाल असा. पैसे एकाच पुस्तकाचे असतील तर आर्मस्ट्राँग घ्या. त्यात चित्रांची मौज कमी आहे, वाचताना मधेमधे बी.कॉम.च्या कॉस्टिंगची आठवण येते, पण ते तुमची खोली आणि तुमची गाडी विचारतं. स्वतःची तुमच्यावर लादत नाही. दोन घेता येत असतील तर जोडीला फ्रीझर. विंगेच्या युक्तीसाठी, आणि प्रत्येक पानावर फुटपट्टी घेऊन. वेस्टकॉट यांचं १०१ कोणी भेट दिलं तर जरूर घ्या आणि आजारपणात वाचा. ताप उतरतो. आणि पुण्याला गेलात तर कोथरूडकडे जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासूनचं. तिथे सत्त्याऐंशीपट लहान गाड्या चालताना दिसतात. पुस्तक विकत घेण्याआधी ते पाहावं. वळणाला किती जागा लागते ते डोळ्यांना एकदा कळलं, की कुठलाही लेखक आपल्याला फसवू शकत नाही.

आराखडा पक्का करून मी तो सौ.पुढे मांडला. खिडकीशी खामगाव, मधे दोन सांधे आणि कपाटामागे जलंब. तिनं शांतपणे पाहिला.

“अहो, जलंब कपाटामागे गेलं, तर माझ्या बरण्या कुठे जायच्या?”

मी तोंड उघडायच्या आत चिरंजीव म्हणाले, “आई, नांदुऱ्याला.”

बरण्या आता न्हाणीघराजवळच्या कोनाड्यात आहेत. घरात त्या जागेला सगळे नांदुराच म्हणतात, आणि जेवताना कुणी लोणचं मागितलं की आधी काकांना विचारावं लागतं, लाइन मोकळी आहे का.